मालिका लिहिणाऱ्याचे पैसे: भांडण दराचं आहे की 'प्रसारित भागामागे' या दोन शब्दांचं?

तापीकाठ (चोपडा)

मंडळी, नमस्कार. आखाजीला मामेभाऊ घरी आला होता. जेवताना म्हणाला, "तुम्हा टीव्हीवाल्यांना काय कमी? घरबसल्या लिहायचं आणि लाखात घ्यायचं." ताटावर वाद नको म्हणून मी गप्प बसलो. पण ते वाक्य आठ दिवस डोक्यातून गेलं नाही, म्हणून हा धागा काढतोय. लांब होईल, सांभाळून घ्या.

मी सहा वर्षं मुंबईत मालिकांचे संवाद लिहिले. आधीची दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली, पडद्यावर नाव न येता. नंतरची चार नावासकट. दीड वर्षापूर्वी चोपड्याला परत आलो.

ज्यांना हे काम जवळून माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन कामं असतात आणि बहुतेक वेळा ती तीन वेगळी माणसं करतात. कथाकार ट्रॅक (गोष्ट कुठल्या वळणाने जाणार ते) ठरवतो, पटकथाकार त्याचे सीन पाडतो आणि संवादलेखक ते सीन बोलते करतो. पैसे एपिसोडवर ठरतात. माझ्या करारातली ओळ अशी होती: 'प्रत्येक प्रसारित भागामागे, प्रसारणानंतर ९० दिवसांनी'. म्हणजे जो भाग लिहिला त्याचे पैसे नाहीत, जो टीव्हीवर दिसला त्याचेच. आणि तेही तीन महिन्यांनी, १० टक्के टीडीएस कापून.

याचा अर्थ काय होतो तो एका गुरुवारच्या गोष्टीने सांगतो. टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात. त्या दिवशी आमची ११ भागांची बँक तयार होती (आधी लिहून, मंजूर होऊन पडलेल्या भागांना बँक म्हणतात). आकडा पडला. दुपारी चारला फोन आला, सासूच्या आजारपणाचा ट्रॅक बंद, आता मोठ्या मुलाचा अपघात. ११ पैकी ७ भाग गेले.

त्या सातांतला एक सीन मला अजून पाठ आहे. सुनेशी महिनाभर अबोला धरलेली सासू रात्री उठते, अंधारातच सुनेच्या डब्याची गवार निवडते आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ओट्यावर ठेवते. सकाळी सून ते फडकं उघडते. दोघींच्या तोंडी एक शब्द नाही. संवादलेखक असून मी तिथे एकही संवाद लिहिला नाही, आणि तिथपर्यंत पोचायला मला दोन रात्री लागल्या. चॅनेलच्या माणसाने त्या सीनपुढे 'फार सुंदर' असं लिहून पाठवलं होतं. त्या भागाचे मला शून्य रुपये मिळाले.

त्याच रात्री नवा भाग हवा होता, कारण घोडबंदरच्या स्टुडिओत सकाळी सातच्या शिफ्टला युनिट उभं राहणार होतं. रात्री अकरापासून पहाटे साडेचारपर्यंत मी सहा सीन लिहिले. एक संपला की व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा आणि पुढचा घ्यायचा. सेटवर ज्याने शिफ्ट भरली त्याची शिफ्ट लागते. मेकअपदादाने रंगवलेला चेहरा शेवटच्या एडिटमध्ये उडाला म्हणून त्याची शिफ्ट कुणी कापत नाही. लिहिणाऱ्याची मात्र कापतात, आणि करारातच तसं छापलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की लेखकाचा दर वाढायला हवा, पण दर दुप्पट करून हे दोन शब्द तसेच ठेवले तर काही बदलणार नाही. फेकलेल्या भागाचे दुप्पट म्हणजे पुन्हा शून्यच. आणि जो भाग प्रसारित झाला तो पुढे ॲपवर गेला, दुसऱ्या भाषेत डब झाला, दुपारी पुन्हा लागला, तरी लेखकाकडे काही येत नाही. तुम्हाला काय वाटतं? विरोधात असाल तर जरूर लिहा.

रावेरकर

भाऊ, वाचून वाईट वाटलं. पण मनापासून विरोधात लिहितो, राग मानू नका.

माझी साडेचार एकर केळी आहे. भाव बोर्डावर लागतो, मी लावत नाही. मागे मे महिन्यात वादळ झालं, कापणीला आलेला अर्धा बाग एका तासात आडवा झाला. १४ महिने जपलेला माल तो. त्याचे मला कोणी 'लिहिलेल्या भागाचे' पैसे दिले नाहीत. जे ट्रकमध्ये चढलं तेवढ्याचाच पैसा आला. आपल्याकडे सगळ्यांचंच असं आहे, मग लेखकाला वेगळं का?

दुसरं, ते पुन्हा दाखवल्यावर पुन्हा पैसे मला पटत नाही. एकदा माल विकला की विषय संपला. गवंड्याने घर बांधलं, मजुरी घेतली आणि गेला. दर महिन्याला भाडं मागायला येत नाही.

अमळनेरच्या बाई

रावेरकर दादा, गवंड्याचं उदाहरण ऐकायला सरळ वाटतं, पण आपल्याच भागात दुसरी रीत कितीतरी वर्षं चालू आहे. मी ती स्वतः पाळत आले, म्हणून सांगते.

मी शाळेत शिक्षिका होते आणि २८ वर्षं मुलांच्या एकांकिका बसवल्या. कुठलीही संहिता घेतली की पहिलं काम लेखकाला पत्र लिहिण्याचं. प्रयोग कुठे, कधी आणि किती, ते कळवायचं. मानधनाची मनीऑर्डर करायची. मग लेखकाचं परवानगीपत्र यायचं आणि त्यानंतर तालीम. राज्य नाट्य स्पर्धेला तर लेखकाचं परवानगीपत्र आणि परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता आधी तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं) प्रमाणपत्र जोडल्याशिवाय दार उघडत नाही. दुसरा प्रयोग केला की दुसरं मानधन. नाटक ३० वर्षांपूर्वी लिहिलेलं असलं तरी.

एके वर्षी आमच्याकडे पैसे नव्हते. मुलांनी वर्गात दोन-दोन रुपये जमवले आणि ती चिल्लर मी पोस्टाच्या खिडकीवर मोजून दिली. लेखकांनी परवानगीपत्राबरोबर मुलांना चार ओळी लिहून पाठवल्या. ते पत्र लॅमिनेट करून वर्गात लावलं होतं. नाटकाचे कपडे वर्गणीतून आले, तसं लेखकाचं मानधनही वर्गणीतून आलं, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही.

खेड्यातल्या शाळेला जे जमतं ते कोट्यवधीच्या चॅनेलला का जमू नये, हा माझा साधा प्रश्न आहे.

कपाशी_पारोळा

बाईंचं बरोबर. रावेरकर भाऊ, केळीचं सांगितलंत, मी कपाशीचं सांगतो.

बीटी बियाण्याचं ४५० ग्रॅमचं पाकीट आपण वर्षानुवर्षं घेत आलो. त्या किमतीत बियाण्याच्या पैशाशिवाय तंत्रज्ञानाची वेगळी फी होती. ज्यांनी बोंडअळीला मारणारा जनुक बियाण्यात घातला त्यांना पाकिटामागे पैसे जायचे. शोध एकदाच लागला होता, पण फी दरसाल आणि दर पाकिटाला. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ती ४९ रुपयांवर बांधली, २०१८ मध्ये ३९ केली, २०१९ मध्ये २० आणि २०२० मध्ये काढूनच टाकली. तोवर बोंडअळी परत आलेली होती, तरी आपण ती फी भरत होतो.

तेव्हा कुणी म्हणालं नाही की एकदा शोध लावला, पैसे घेतले, आता विषय संपला. कंपनीच्या डोक्यातून निघालेल्या गोष्टीला दर पाकिटाला पैसा, आणि चोपड्याच्या पोराच्या डोक्यातून निघालेल्या गोष्टीला एकदाच, तोही दिसली तर. हे मला खटकतं. लिखनारले पैसा भेटाले जोयजेत, भो.

केळीचा घड खाल्ला की संपला. गवारीचा तो सीन जर लागला असता तर कितीही वेळा दाखवला तरी संपला नसता. फरक तिथे आहे.

रावेरकर

पाकिटाचा मुद्दा मान्य. ते मी कधी असं जोडून पाहिलं नव्हतं.

निर्मिती_शहादा

मी मूळचा शहाद्याचा, १४ वर्षं मुंबईत निर्मितीच्या बाजूला आहे. इथे मी एकटाच त्या बाजूचा दिसतो, म्हणून सविस्तर लिहितो.

चॅनेल निर्मात्याला एपिसोडमागे ठरावीक रक्कम देतं. त्यात कलाकारांच्या तारखा, स्टुडिओचं भाडं, लाइट, कॅमेरा, जेवण, गाड्या, एडिट हे सगळं बसवायचं असतं. चॅनेलचे पैसेही निर्मात्याकडे उशिराच येतात आणि तोवर तो व्याजाने पैसा फिरवत असतो. लेखकाचे ९० दिवस त्या साखळीतून आले आहेत. कुणी एका माणसाने दुष्टपणे ठरवलेले नाहीत. अनेक मालिका सहा महिन्यांत बंद पडतात. कलाकृती मालकीची करून घेण्यात निर्मात्याची आणि चॅनेलची जोखीम असते, ती लेखकाची नसते.

पण तापीकाठ यांनी जे सांगितलं ते मी रोज बघतो, ते खोटं म्हणणार नाही. बजेट कमी पडलं की पहिली कात्री लेखनाला लागते, याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. कॅमेरा भाड्याने आणला नाही तर शूटिंग थांबतं. लेखकाला पैसे दिले नाहीत तरी तो रात्री लिहून देतो. तो देतो म्हणून त्याच्याकडून घेतलं जातं.

तापीकाठ (चोपडा)

शहादेकर दादा, मोकळेपणाने लिहिलंत, आभार. जोखमीबद्दल मात्र असहमत आहे. सात भाग फेकले गेले तेव्हा ते नुकसान कुणी सोसलं? चॅनेलने नाही, निर्मात्यानेही नाही, कारण शूटच झालं नव्हतं. त्या गुरुवारची सगळी जोखीम एका माणसाने उचलली, आणि मालकीत त्याचा वाटा नव्हता.

भुसावळ_जंक्शन

माझे वडील लोको पायलट होते. कंट्रोलने बोलावलं, लॉबीत सही केली, की ड्युटी तिथून सुरू. गाडी चार तास यार्डात अडकली तरी ते चार तास ड्युटीतच. गाडी हलली नाही म्हणून तुमचे पैसे नाहीत, असं कुणी म्हणू शकलं नसतं. हे आपोआप आलं नाही, युनियनने लढून आणलं. आमच्या क्वार्टरमध्ये १९७४ च्या संपाच्या गोष्टी अजून सांगतात.

लेखकांनी हे दुसरीकडे करून दाखवलंय. अमेरिकेत २ मे २०२३ ला लेखकांच्या संघटनेने काम थांबवलं, ११ हजारांहून जास्त लेखक. १४ जुलैपासून कलाकारांचाही संप जोडला गेला. लेखकांचा संप १४८ दिवस चालला आणि २७ सप्टेंबरला मिटला. मिळालं काय, ते बघण्यासारखं आहे. किमान दर पहिल्या वर्षी ५ टक्के, मग ४ आणि ३.५ टक्के वाढले. स्ट्रीमिंगवरची मोठ्या बजेटची मालिका किंवा सिनेमा पहिल्या ९० दिवसांत त्या ॲपच्या देशातल्या २० टक्के वर्गणीदारांनी पाहिला तर लेखकाला बोनस. कार्यक्रम किती तास पाहिला गेला तो आकडा संघटनेला द्यायचा, आधी तो कुलपात असायचा. एआयने लिहिलेल्या मजकुराला लेखन धरायचं नाही आणि त्याच्या नावाने लेखकाचं श्रेय कापायचं नाही.

रीरनचे, म्हणजे पुन्हा दाखवण्याचे, पैसे तर त्यांनी कित्येक दशकांपासून धरून ठेवलेत. म्हणजे तापीकाठ जे मागतोय ते तिथे दोन पिढ्यांपासून चालू आहे.

शिरपूरची_पोर

एआयवरून लिहिते. मी शिरपूरला एका चॅनेलसाठी अहिराणी कॉमेडीचे भाग लिहायची, युट्युबवरचं चॅनेल. दोन वर्षांत ४० च्या वर भाग लिहिले. सगळे ओळखीचे, घरचेच म्हणा. त्यामुळे पैशाचं कधी बोलणंच झालं नाही. शूटिंगच्या दिवशी शेवभाजी आणि पेट्रोल. कॅमेरावाल्या दादाला मात्र दर शूटला रोख. व्हिडिओखाली दिग्दर्शक, एडिटर, ड्रोन सगळ्यांची नावं. लेखक हा शब्दच नाही.

मागच्या दिवाळीत मी विचारलं तर म्हणाले, आता आम्ही कॉम्प्युटरकडून लिहून घेतो, तू फक्त अहिराणी करून दे, त्याचे दोनशे. मी ते पान उघडलं. त्यात नवरा बायकोला म्हणतो, "प्रिये, आज तू खूप थकलेली दिसतेस." आमच्याकडे नवरा असं बोलत नाही. तो दारातून येतो, पिशवी खाली ठेवतो आणि विचारतो, "चहा शे का?" थकलीस का हे त्यातच विचारलेलं असतं. मी सगळं पान खोडून नव्याने लिहिलं, म्हणजे काम पूर्ण लेखनाचंच झालं, आणि पैसे 'फक्त अहिराणी करण्याचे'. त्यानंतर मी सोडलं.

मला चॅनेलचं वाईट करायचं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. पण संवाद हे मोफतच येतात असं सगळ्यांना का वाटतं, हे मला खरंच कळत नाही.

अमळनेरच्या बाई

पोरी, "चहा शे का?" वाचून मी थांबले. हे ज्याला ऐकू येतं तो लेखक. तू सोडू नकोस.

धुळे_वकील

थोडं कायद्याचं लिहितो, कारण वर मालकी, वाटा, हक्क हे शब्द आलेत.

प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन सिनेमा करवून घेणारा निर्माता त्या सिनेमाचा पहिला मालक. लेखन मुळात लेखकाचं असलं तरी करारात ते पूर्ण लिहून घेतलं जातं. २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत तिथे विषय संपायचा. जावेद अख्तर राज्यसभेत होते तेव्हा त्यांनी ही बाजू जोरात मांडली, आणि २१ जून २०१२ पासून दुरुस्ती लागू झाली.

त्या दुरुस्तीनंतर सिनेमात वापरलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर प्रत्येक वापराच्या रॉयल्टीत निम्म्या हिश्शाचा हक्क आहे. तो त्याला सोडून देता येत नाही. वारसाला किंवा हक्क वसूल करणाऱ्या संस्थेला देता येतो, एवढाच अपवाद. करारात 'मी सर्व रॉयल्टी सोडत आहे' असं छापून सही घेतली तरी ती ओळ कायद्यापुढे व्यर्थ आहे. पटकथा आणि संवाद या साहित्यकृतीच आहेत, आणि कायद्यातली सिनेमाची व्याख्या कुठल्याही दृश्य-मुद्रणाला लागू पडेल इतकी रुंद आहे, म्हणजे मालिकाही त्यात येते.

मग पैसे का मिळत नाहीत? गीतकार-संगीतकारांसाठी वसुली करणारी संस्था १९६९ पासून आहे, त्यामुळे गाणं वाजलं की कुठेतरी हिशोब होतो. पटकथा आणि संवादाचा असा हिशोब लेखकाच्या दारापर्यंत येताना दिसत नाही. एकट्या लेखकाने कोर्टात जायचं तर पुढचं काम कोण देणार, ही भीती खरी आहे.

तरी उपाय आहेत. पटकथा लेखकांची मुंबईतली संघटना १९६० मध्ये कामगार संघटना म्हणून नोंदली गेली, तिच्याकडे संहितेची नोंदणी करता येते आणि वाद नेता येतो. श्रेयाच्या हक्कासाठी कलम ५७ आहे. ते मालकी विकल्यावरही लेखकाकडेच राहतं. शिरपूरच्या ताईंनी लिहिलेल्या ४० भागांना हे लागू आहे, आणि त्यांनी कुठेच सही करून काही दिलेलं नसेल तर त्यांची बाजू त्यांना वाटते त्यापेक्षा बळकट आहे. कलम १९ प्रमाणे हक्क दिले असं म्हणायला लेखी कागद लागतो.

शिरपूरची_पोर

वकीलसाहेब, कागद काहीच नाही. सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. मी पाठवलेले सगळे भाग तारखेसकट फोनमध्ये आहेत.

धुळे_वकील

ते अजिबात डिलीट करू नका. आज रात्रीच त्याची प्रत काढून ठेवा. भांडायचं की नाही ते नंतर ठरवू. आधी निदान व्हिडिओखाली नाव टाका, एवढं शांतपणे लेखी मागा.

कपाशी_पारोळा

नावावरून आठवलं. १९७३ साली 'जंजीर'च्या पोस्टरवर लेखकांची नावं नव्हती, तेव्हा सलीम-जावेद यांनी स्वतःचे पैसे देऊन मुंबईतल्या पोस्टरांवर ती रंगवून घेतली होती. आज ज्यांचं नाव सगळे घेतात त्यांनाही सुरुवातीला हे करावं लागलं. नाव लागलं, त्याच्या मागून त्यांचा भावही आला. ताईने नावापासून सुरुवात करावी हे वकीलसाहेबांचं बरोबर वाटतं.

निर्मिती_शहादा

तापीकाठ, मी दोन दिवस विचार करत होतो. रॉयल्टीचं मी माझ्या हाताने काही बदलू शकत नाही, ते चॅनेलच्या पातळीवर ठरतं. पण मंजूर होऊन नंतर रद्द झालेल्या भागाचे निम्मे पैसे देणं आम्हाला अशक्य नाही. वर्षाला असे फार भाग नसतात. पुढच्या करारात ही ओळ घालायचा आग्रह मी आमच्याकडे धरणार आहे. होईलच असा शब्द देत नाही. तुम्ही ती ओळ नेमकी कशी असावी ते लिहून द्याल का?

तापीकाठ (चोपडा)

देतो. कच्ची अशी: 'लेखकाने दिलेला व निर्मात्याने किंवा वाहिनीने लेखी अथवा संदेशाद्वारे मंजूर केलेला भाग कोणत्याही कारणाने चित्रित वा प्रसारित न झाल्यास, ठरलेल्या मोबदल्याच्या किमान ५० टक्के रक्कम मंजुरीपासून ३० दिवसांत देय राहील.' 'संदेशाद्वारे' हा शब्द काढू देऊ नका, कारण मंजुरी कागदावर कुणीच देत नाही. वकीलसाहेब, तुम्हीही एकदा नजर टाका.

धुळे_वकील

'मंजुरीपासून ३० दिवस' ऐवजी 'रद्द केल्याचे कळवल्यापासून ३० दिवस, अथवा मंजुरीपासून ९० दिवस, यांपैकी जे आधी' असं करा. नाहीतर कधीच रद्द न करता नुसतं पाडून ठेवतील.

रावेरकर

मी विरोधात सुरुवात केली होती, आता ते लिहीत नाही. वादळाचं माझं दुःख वेगळं होतं. वादळाने माझ्या बागेला आधी 'फार सुंदर' लिहून पाठवलं नव्हतं. दादा, तो गवारीचा सीन कुठे वाचायला मिळेल का? घरात आईला दाखवायचा आहे.

अमळनेरच्या बाई

मीही तेच विचारणार होते. मी निवृत्त झाले तरी इथल्या मुलींचा एक गट डिसेंबरला १५ मिनिटांचं काहीतरी करणार आहे. तापीकाठ, तो सीन तुम्ही चॅनेलला विकलेल्या गोष्टीतला आहे, त्यामुळे तसाच घेता येणार नाही हे मला समजतं. पण सासू-सून, अबोला आणि एक रात्र एवढ्यावर नवीन काही लिहून द्याल का? अहिराणी शिरपूरच्या ताईंनी बघावी. दोघांचं मानधन किती ते आधी कळवा, मुली वर्गणी काढतील.

शिरपूरची_पोर

बाई, मी करते. मला पैसे नकोत, तुम्ही विचारलंत तेवढं पुरे.

अमळनेरच्या बाई

नाही. आकडा सांगा.

शिरपूरची_पोर

प्रयोगामागे तीनशे.

तापीकाठ (चोपडा)

माझे पाचशे. गवार घेत नाही, हरभऱ्याची भाजी घेतो. डिसेंबरात थंडीचे दिवस असतील, कोवळी पानं खुडून ठेवता येतील. १५ तारखेपर्यंत पहिला खर्डा पाठवतो.